जड पाणी, हलकं पाणी

आमच्या अंधेरीच्या चाळीत पाण्याच्या दोन जाती होत्या. नळाचं हलकं, विहिरीचं जड. पहाटे तासभर येणारं नळाचं पाणी पिण्याला, डाळीला, चहाला. धुणीभांडी, अंघोळ, वजू सगळं विहिरीवर. नळ रुसला की अम्मी विहिरीच्याच पाण्यात तूरडाळ चढवायची, चिमूटभर खायचा सोडा टाकायची. तरी डाळ कुठे नि पाणी कुठे!

शाळेत गुरुजींनी फळ्यावर ‘दुष्फेन’ हा शब्द लिहिला, तेव्हा मला आमची मोरीच दिसली. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात, फेसाऐवजी बादलीच्या कडेला राखाडी साय जमते. अब्बांचे पांढरे सदरे चार धुण्यांत मळकट व्हायचे. मग अम्मी धुण्याचा सोडा वाढवायची, आणि तिच्या बोटांना भेगा पडायच्या. शेजारच्या चाची पाण्यात तुरटी फिरवायच्या. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही. उकळल्यावर मात्र थोडा जातो आणि टोपाच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो. तो थर अम्मी चिंचेने घासून काढी.

तुम्ही म्हणाल, हलकं पाणी यायचं कुठून? मूळ आमच्याच उशाशी होतं. मिठी नदी अडवून १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी. दोन्ही साष्टी बेटावर. जंगलात पडलेलं पावसाचं पाणी, खडकात फार न मुरलेलं, म्हणून हलकं. पण ते होतं मुंबई शहरासाठी. १८९२ पासून तानसाचं पाणीही मुलुंड-घाटकोपरच्या अंगाने शहराकडे जाऊ लागलं. भोवतालची बहुतेक गावं मात्र विहिरींवरच राहिली. अंधेरी, घाटकोपर मुंबईत आले १९५० मध्ये. बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये. वैतरणेवरचा मोडक सागरही त्याच सुमाराचा. ‘मुंबईला पाणी मिळालं’ असं आपण सहज म्हणतो. कुठल्या मुंबईला, हे कुणी विचारत नाही.

आता मुलाच्या सतराव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बोअरवेलचं पाणी येतं. शॉवरची भोकं बुजतात. परवा सून तो काढून व्हिनेगरमध्ये भिजवत होती. ऐंशी ओलांडलेली अम्मी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “अगं, घरातली चिंच संपली का?”