भोंगा आणि कॉलेजची घंटा

आपल्याकडं दहावी झालेल्या पोराचा सत्कार होतो, बी.ए. झालेल्याचा होतो. एफ.वाय. झालेल्याचा सत्कार कुणी पाहिलाय? पहिलं वर्ष कुणाच्याच हिशोबात नसतं. आणि माझ्या वस्तीतली पोरं गळाली ती याच वर्षाला. म्हणून दोस्तांनो, या एका वर्षाचा इतिहास लिहायला घेतलाय. इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान उलटावं.

रुळांपासून सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. १८५४ ला ती कल्याणला पोचली. १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं. म्हणजे रूळ आणि विद्यापीठ एकाच वयाचे. पण रुळांवरून इकडून तिकडं काय गेलं? माल गेला, हमाल गेले, गिरण्यांना माणसं गेली. कॉलेज मात्र उलट्या दिशेनं आलं नाही. १८८२ ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं रोखठोक सांगितलं होतं, की पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि उच्च शिक्षण वरच्यांच्या पोरांचं. आमच्या पट्ट्यात हे सिद्ध करायला पुरावा शोधावा लागत नाही. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं कॉलेज सुरू झालं १९६९ ला. रेल्वेनंतर ११६ वर्षांनी!

मधल्या काळात मॅट्रिक झालेला आपला पोरगा काय करायचा? तेव्हा अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालं की थेट कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि ते मुंबईत. खुद्द बाबासाहेबांचं बघा. १९०७ ला मॅट्रिक झाले, तेव्हा सभा भरली, केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पण सयाजीरावांचे महिना २५ रुपये सुरू झाले ते इंटर झाल्यावर. त्याआधीचं एल्फिन्स्टनमधलं पहिलं वर्ष सुभेदार रामजींच्या पेन्शनवर निघालं. तो बाप नसता तर? हा प्रश्न मी नुसता भावनेनं विचारत नाही. ज्यांना तसा बाप नव्हता ती माणसं इतिहासात नाहीतच.

बाबासाहेब हे विसरले नाहीत, असं मला त्यांनी पुढं केलेल्या दोन गोष्टींवरून वाटतं. १९४२ ला ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. त्याच साली त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन सरकारपुढं ठेवलं आणि शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप सुरू झाली. मॅट्रिकोत्तर म्हणजे नेमकं काय? पहिल्या वर्षाच्या पहिल्या फीपासून. ही झाली पैशाची सोय. दुसरी वेळेची. १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. त्याचे वर्ग सकाळचे ठेवले, कारण गरिबाच्या पोराला दिवसा नोकरी करावी लागते. कॉलेजची घंटा किती वाजता वाजते यावर आत कोण येणार ते ठरतं, हे त्या माणसानं ओळखलं होतं. पुढं या सिद्धार्थनं आणि १९५० नंतर औरंगाबादच्या मिलिंदनं काय घडवलं ते तुम्हाला मी सांगायला नको. १९७२ चं पँथरही त्याच पिढीतून उठलं.

पण एक गोष्ट कडू लागली तरी बोलतो. सकाळचे वर्ग कुणाला जमले? साडेदहाला टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला. पोस्टातल्या, रेल्वे ऑफिसातल्या, सचिवालयातल्या माणसाला. पाळी बदलत फिरणाऱ्या गिरणी कामगाराला ते जमणारं नव्हतं. कल्याणच्या कोळसेवाडीतून फोर्टात जायचं तर ५४ किलोमीटर लोकलमध्ये लोंबकळायचं आणि सातच्या भोंग्याला परत इकडं हजर? आपल्यात कारकून वर्ग तयार झाला आणि कामगार खाली राहिला, त्याच्या अनेक कारणांपैकी हेही एक. यात बाबासाहेबांचा दोष काढायचा नाही. त्यांनी एक दार फोडलं. दुसरं फोडायचं काम पुढच्यांचं होतं.

पुढच्यांनी काय केलं? निर्वासित सिंध्यांनी उल्हासनगरला लष्करी छावणीत संसार मांडले आणि साठच्या दशकात कॉलेजं काढलीसुद्धा. कल्याणला १९७२ ला बिर्ला कॉलेज आलं. अंतर मिटलं. वेळेचं काय?

माझंच गणित मांडतो. मी डोंबिवली एमआयडीसीत डाईंगच्या गिरणीत जिगर मशीनवर आहे. पुस्तकं जमतील तशी स्वतःच वाचली आणि आता इतिहास घेऊन एफ.वाय.ला बसलोय. पाळ्या तीन: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दर आठवड्याला बदलतात. कॉलेज सकाळचं. दुपारपाळीच्या आठवड्यात सगळे तास मिळतात. रातपाळीच्या आठवड्यात अंगाला रंगाचा वास घेऊन बाकावर बसतो, डोळे मिटतात पण हजेरी लागते. पहिल्या पाळीचा आठवडा मात्र पुरता बुडतो. म्हणजे एकही दांडी न मारता हजेरी होते ६६ टक्के. नियम ७५ चा!

पूर्वी वर्षाची एकच परीक्षा असायची. कामगार रजा टाकून पेपर देऊन यायचा. २०११-१२ पासून मुंबई विद्यापीठात क्रेडिट आणि सेमिस्टर आलं. परीक्षा वर्षातून दोनदा, शिवाय मधल्या चाचण्या. रजा तेवढ्याच. मग म्हणतात, घरबसल्या शिका. पत्रद्वारा शिक्षण विद्यापीठानं १९७१ ला सुरू केलं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ ला झालं. आपली हजारो माणसं त्यातून पदवीधर झाली, त्यांना माझा जयभीम. पण सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. भांडायला आणि वाद घालायला समोर माणूस लागतो. पोस्टानं आलेल्या पुस्तकाशी काय भांडणार?

आता २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं धोरण आलंय. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट देऊ, म्हणतात. कालपर्यंत गळती म्हणत होते, आता तिला कागद मिळणार. परत यायची मुभा आहे, हे मान्य. पण एकदा बारा तासांच्या ड्युटीला जुंपलेला माणूस परत येतो का, ते आमच्या लायनीत येऊन विचारा.

म्हणून कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या शाखांना माझी मागणी साधी आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून आपल्या भागातल्या प्रत्येक अनुदानित कॉलेजला अर्ज टाका. विचारायचं एवढंच: गेल्या पाच वर्षांत एफ.वाय.ला अनुसूचित जातीची किती मुलंमुली आली, त्यातली एस.वाय.ला किती गेली, हजेरी कमी म्हणून किती जणांना परीक्षेला बसू दिलं नाही, आणि संध्याकाळची तुकडी आहे का, नसेल तर विद्यापीठाकडं कधी मागितली होती का. उत्तरं आली की आकडे इकडं पाठवा, पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू.