कातरणाचा हिशेब

‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण आमच्या ज्ञातीतील प्रत्येक मुलाच्या कानावर कधी ना कधी पडतेच. सोनाराने गुंजभर सोने ठेवून घ्यावे, कुळकर्ण्याने दप्तरात अक्षर फिरवावे आणि शिंप्याने गिऱ्हाइकाच्या कापडातून तुकडा मारावा, असा हा जुना लोकापवाद. आमचे सर्वच पूर्वज धुतल्या तांदळासारखे होते असा आमचा आग्रह नाही. परंतु आरोपास उत्तर रागाने देण्यापेक्षा हिशेबाने दिलेले बरे. उरलेला तुकडा अखेर जात होता कोठे, हा प्रश्न बिलोली परिसर डोळ्यांपुढे ठेवून येथे तपासण्याचे योजिले आहे.

प्रथम कातरण उरते कसे ते पाहू. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे ही आपल्याकडील जुनी वस्त्रे मागावरून उतरली की तशीच नेसली वा गुंडाळली जात. त्यांत कात्रीला काम नव्हते. कात्री आली ती बंडी, अंगरखा, चोळी, कुंची यांबरोबर. कापड सरळ रेषेत विणले जाते आणि मनुष्याचा गळा व काख वाटोळी असतात. या दोहोंच्या भांडणातून कातरण जन्मास येते. जुन्या शिंप्याचे कसब हे भांडण कमी करण्यात होते. अंगरख्याच्या कळ्या तो उलटसुलट मांडून बेतीत असे, म्हणजे एकीचा उतार दुसरीच्या उतारास लागून जाई. काखेतील चौबगला लहानशा चौकोनी तुकड्यातून निघे. बाराबंदीचे बारा बंद तर अरुंद पट्ट्यांचेच. इतके करूनही मूठभर चिंध्या उरतच.

मोल्सवर्थच्या मराठी कोशात अलुतेदारांची जी यादी आहे, तीत शिंप्याचे नाव आढळते. अर्थात गावगाड्यात त्याचा वाटा बलुतेदारांच्या मागचा. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर वर्षभराची शिलाई अवलंबून असे. वीतभर वा हातभर तुकडा गिऱ्हाईक मागून नेई, कारण पुढे ठिगळास तो हवा असे. बोटभर चिंधी मात्र कोणी मागत नसे. म्हणीतील आरोप पहिल्या तुकड्याविषयी आहे. आमच्या घरांचा इतिहास घडला तो दुसऱ्या तुकड्यावर.

या चिंध्यांची वाटणी आकारावरून होई. जरा मोठ्या तुकड्यांचे टोपडे, बटवा, पानसुपारीची चंची किंवा पोळ्याच्या बैलासाठी झुलीची कड होत असे. लांबट पट्ट्यांची डोक्यावरील घागरीखालची चुंबळ वळली जाई. सुती चिंध्या पिळून काकडा आणि पलिते होत. मुलींच्या बाहुल्या व मुलांचे चेंडू त्यातूनच निघत. आणि अगदी शेवटचा धडपा जमीन सारवण्याचे पोतेरे होई. या सर्वांहून मोठी वाटेकरीण मात्र एकच, ती म्हणजे गोधडी. आपल्याकडील बोलीत वाकळ.

गोधडीस पुरुषाची कात्री पुरत नाही. तिचा आधार म्हणजे जुने लुगडे वा धोतर, शेकडो धुण्यांनी मऊ पडलेले. ते सारवलेल्या जमिनीवर ताणून पसरावयाचे, कडेला वजन ठेवावयाचे, मध्ये विरलेल्या कापडाचे थर आणि लहान चिंध्या समपातळीत अंथरावयाच्या, वर दुसरे लुगडे घालावयाचे. नंतर कडेकडेने धावदोरा घालीत, चौकोनी फेरे घेत मध्याकडे सरकावयाचे. टाके जवळ असतील तर आतली चिंधी गोळा होत नाही. दूर पडले तर दुसऱ्याच धुण्यात गोधडीला गाठोड्याचे रूप येते. रंगीत तुकडे वरच्या बाजूस येत, आणि ते बहुधा विरलेल्या जागेवर लावलेले असत. शोभा मागाहून आली, गरज आधी होती. बाळंतिणीच्या दुपट्यास नवे कापड टाळीत, कारण खळीचे कापड बाळाच्या अंगास बोचते.

हे काम आमच्या आज्या, पणज्या, आत्या व सुना यांनी केले. त्याची शिलाई कोणत्याही वहीत मांडलेली नाही. ज्ञातीच्या इतिहासात दुकानदारांची व पंचांची नावे मिळतात. हजारो टाके घालणाऱ्या या बायांची मिळत नाहीत. आमच्या मते कातरणाच्या हिशेबातील खरी थकबाकी ती हीच.

बिलोलीच्या सीमेवर या वस्तूस नावेही अनेक. मराठी वाकळ तेलुगू मुलखात बोंत होते आणि कानडी मुलखात कौदी. मांजरा जेथे गोदावरीस मिळते ते कंदकुर्ती येथून दूर नाही. सोयरीक व बाजार दोन्ही काठांनी चालत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा नांदेड जिल्ह्यावरही कात्री चालली : भैसा, मुधोळ, बिचकुंदा, जुक्कल हे भाग आंध्राकडे गेले व उरलेला जिल्हा मुंबई राज्यात आला. माहेर एका राज्यात व सासर दुसऱ्यात अशी कुटुंबे झाली. रुखवतातील गोधड्या मात्र सीमा ओलांडीत राहिल्या.

काळ बदलला तसे कातरणही बदलले. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली आणि गिरणीचे कापड सोयीने येऊ लागले. पुढे नांदेडातच उस्मानशाही मिल उभी राहिली. शिवणयंत्राने शिलाई वेगाने होऊ लागली, म्हणजे चिंध्याही वाढल्या. १९४३ साली ब्रिटिश हिंदुस्थानात कापडावर नियंत्रण आले. अशा टंचाईच्या दिवसांत चिंधीलाही किंमत असते. नंतर टेरिलीन आले. हे कापड घाम शोषीत नाही, थरात घसरते आणि ठिणगीने वितळते; गोधडीस ते जन्मतः परके. आज तयार कपड्यांमुळे गावातील शिंप्याचे दुकान ओस पडत आहे आणि कारखान्यांतील कातरणाचे ढीग उकिरड्यावर जात आहेत. उलट शहरांत हाताच्या गोधडीस चांगला मोल येतो. बंगालची कांथा व जपानातील बोरो यांस कलावस्तूंचा मान मिळाला, तो याच वृत्तीस मिळालेला मान होय.

आमच्या ज्ञातीस हा विचार नवा नाही. नरसीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या संत नामदेवांच्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही आमची हत्यारे भक्तीची साधने होऊन येतात. त्यांची ६१ पदे शिखांच्या ज्या ग्रंथात आहेत, त्यास १७०८ साली गुरुपद मिळाले ते नांदेड येथेच. पुढे गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागविले. लोक त्यांस गोधडे महाराजही म्हणत.

सभासद कुटुंबांस आमची विनंती एवढीच आहे. घरातील जुनी गोधडी भांडी घेऊन बदलू नये, फाटली म्हणून टाकू नये. ती कोणी शिवली, कोणत्या गावी, त्यात कोणाचे लुगडे आहे, हे घरातील वडीलधाऱ्या बायांस विचारून कागदावर लिहावे व तो कागद गोधडीसोबतच ठेवावा. सांगणाऱ्या बाया दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम येत्या दिवाळीच्या आतच झालेले बरे.