लहान मुलांचा लकवा: एका निदानाची कुळकथा

१८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलात आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. श्री धूतपापेश्वर हे त्याचं नाव. दीडशे वर्षं उलटून गेली तरी वैद्यांच्या कपाटात त्या नावाच्या डब्या दिसतात. त्यांत एकांगवीर रस असतो, बृहत् वातचिंतामणी असतो. अंगावरून वारं गेलं की वैद्याचा हात ज्या औषधांकडे वळतो, त्यांतली ही दोन. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे आणि लकव्याची रूपं तिथे सांगितलेली आहेत. रोग जुना, त्याची ओळख जुनी, आणि पनवेलला तर त्याच्या औषधांचा घरचाच शेजार.

पण वारं गेलेला माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते साठीपुढचे आजोबा, नाहीतर बीपीची गोळी चुकवणारे काका. कडेवरचं दीड वर्षाचं पोर कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. मुलांनाही स्ट्रोक होतो. आईच्या पोटात होतो, जन्माच्या आसपास होतो, शाळेच्या वयातही होतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि शरीराची उलट बाजू लुळी पडते. हे मोठ्यांसारखंच, कारणं मात्र निराळी. मोठ्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू. मुलांत जन्मजात हृदयदोष, कांजिण्यांसारख्या आजारानंतर सुजलेल्या रक्तवाहिन्या, मेंदूचा क्षय, सिकलसेल, रक्त गोठण्यातले दोष.

या आजाराच्या निदानाची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे, कारण ती उलट्या पावलांनी चालते. सुरुवातीला निदान व्हायचं ते वर्षांनंतर. पुढे ते दिवसांवर आलं, मग तासांवर, आणि एका आजारात तर ते स्ट्रोकच्या आधीच जाऊन उभं राहिलं.

वर्षांनंतरचं निदान करणाऱ्यांत दोन बडी नावं आहेत. विल्यम ऑस्लर या डॉक्टराने १८८९ साली फिलाडेल्फियातल्या १५१ मुलांच्या मेंदूजन्य लुळेपणावर पुस्तक लिहिलं. त्यांतल्या १२० मुलांची एकच बाजू गेलेली होती. दुसरं नाव ऐकून वाचक थबकेल: सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नांचा अर्थ सांगायच्या आधी हे गृहस्थ व्हिएन्नात लुळ्या मुलांचे हातपाय तपासत होते. १८९१ मध्ये ऑस्कर री या बालरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी मुलांच्या अर्धांगावर एक अभ्यास छापला आणि १८९७ मध्ये या विषयावरचा जाडजूड ग्रंथ. दोघांनीही बारकाईने पाहिलं, पण पाहिलं ते बहुतेक जुनं झालेलं दुखणं. मूठ आवळलेली, कोपर दुमडलेलं, पाय ओढत चालणारं मूल. मेंदूत त्या दिवशी काय घडलं हे विचारायला तोवर फार उशीर झालेला असे. जन्माच्या वेळी स्ट्रोक झालेल्या कित्येक मुलांची नोंद अशीच ‘सेरेब्रल पाल्सी’ या मोठ्या खात्यात गेली आणि आजही जाते.

महाराष्ट्रात या आजाराला लपायला आणखी एक जागा होती. पोराचा पाय अचानक लुळा पडला की घरच्यांना आणि गावच्या डॉक्टरला पहिली शंका पोलिओची. ती रास्तही होती. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या लढाईने एक शिस्त लावली: पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की खबर द्यायची, शौचाचे दोन नमुने पाठवायचे. एका विषाणूसाठी इतकी चोख टेहळणी उभी राहू शकते, तर स्ट्रोकसाठी तिचा दहावा हिस्सा तरी का नाही, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

मुंबईने या कुळकथेत घातलेली भर मात्र अस्सल आपली आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. पी. एम. उडाणी हे बालरोगतज्ज्ञ आणि डॉ. दाराब दस्तूर हे मेंदूविकृतितज्ज्ञ अशी जोडी १९६०च्या दशकात मेंदूच्या क्षयावर काम करत होती. त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख १९६६ चा. १९७० मध्ये क्षयाच्या मेनिंजायटिसने दगावलेल्या १०० रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त आला, १९७१ मध्ये लक्षणांवरचा सविस्तर लेख. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथातली चित्रं काढली क्रिस्टोफर रेनने, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. क्षयाचा जंतू मेंदूच्या आवरणात शिरला की याच तळाशी चिकट, घट्ट स्राव साचतो. रक्तवाहिन्या त्यात लपेटल्या जातात, सुजतात, आतून बुजतात. महिनाभर बारीक ताप, उलट्या, चिडचिड असलेलं मूल एके दिवशी एका बाजूने लुळं पडतं. तो स्ट्रोकच असतो, क्षयाने घडवलेला.

जे. जे.मधलं हे शहाणपण शवविच्छेदनाच्या टेबलावरून आलं होतं. तरी त्याचा निष्कर्ष जिवंत मुलांच्या फार उपयोगाचा आहे. बाळ जन्मलं की डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात. देशात तिची मोठी मोहीम १९५१ मध्ये सुरू झाली. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे ही लस दुबळी ठरते, पण लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून ती चांगलं संरक्षण देते. म्हणजे दंडावरचा तो व्रण मुलांच्या स्ट्रोकवरचा आपल्याकडचा सर्वात स्वस्त उपाय आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

दिवसांचे तास व्हायला यंत्रं यावी लागली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. सीटीत रक्तस्राव लगेच दिसतो, पण गुठळीने झालेला ताजा स्ट्रोक पहिल्या काही तासांत दिसेलच असं नाही. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूवर दाखवलं, की एमआरआयच्या ‘डिफ्यूजन’ पद्धतीत रक्तपुरवठा तुटल्यावर तासाभराच्या आत खूण उमटते. मुलांमधली अडचण अशी की एमआरआयच्या बोगद्यात मूल हलून चालत नाही. म्हणून गुंगीचं औषध, त्यासाठी भूलतज्ज्ञ, आणि त्यासाठी आणखी वेळ.

यंत्र आलं म्हणून संशय आला असं होत नाही. टोरांटोच्या बालरुग्णालयात गॅब्रिएल डिव्हेबर यांनी १९९२ मध्ये कॅनडाभरच्या मुलांच्या स्ट्रोकची नोंदवही सुरू केली. त्याच रुग्णालयातल्या २०९ मुलांचा २००९ सालचा अभ्यास सांगतो, की लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला लागलेला मध्यम वेळ २२.७ तास होता. जगातल्या अव्वल बालरुग्णालयांपैकी एकातली ही स्थिती! मोठ्यांना गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बावीस तासांनी आलेल्याला ते देऊन उपयोग काय?

मुलांना हे इंजेक्शन चालतं का, हे पाहायला अमेरिकेत ‘टिप्स’ नावाची चाचणी निघाली. ९३ मुलं तपासली, ४३ जणांना खरोखर स्ट्रोक होता, आणि नियमांत बसून औषध मिळालं एकालाच. डिसेंबर २०१३ मध्ये चाचणी गुंडाळली. कागदावर हे सपशेल अपयश. पण त्या एका मुलासाठी अनेक रुग्णालयांनी रात्री-अपरात्री एमआरआय मिळेल अशी सोय केली होती, मेंदूतज्ज्ञाला फोन कुणी करायचा हे ठरवलं होतं. मुलांच्या स्ट्रोकसाठी सज्ज असलेली तिकडची पथकं या फसलेल्या चाचणीतून जन्माला आली. औषधाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पुण्यात हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीचं टेनेक्टेप्लेज आपल्याकडे मोठ्यांच्या स्ट्रोकसाठी मान्य आहे. मुलांत असं औषध तज्ज्ञ निवडक वेळीच, जोखीम तोलून वापरतात. मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतून नळी घालून ओढून काढणं मुलांतही शक्य आहे, असं युरोप-अमेरिकेतल्या ७३ मुलांच्या एका अभ्यासाने अलीकडे दाखवलं.

आता निदानाचं शेवटचं पाऊल, घटनेच्या पलीकडचं. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि मेंदूच्या मोठ्या वाहिन्या हळूहळू अरुंद होतात. रुने आस्लिड या नॉर्वेजियन संशोधकाने १९८२ मध्ये कवटीबाहेरून ध्वनिलहरी सोडून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजण्याची रीत दाखवली: ट्रान्सक्रेनियल डॉपलर. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की धार जोरात उडते. वाहिनी अरुंद झाली की रक्तही तसंच वेगाने धावतं. अमेरिकेत जॉर्जियाच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी हे यंत्र सिकलसेलच्या मुलांच्या कानशिलाला लावलं आणि एक आकडा हाती आला: सेकंदाला २०० सेंटिमीटर. वेग याच्या वर गेलेल्या १३० मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना नियमित रक्त दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. रक्त न मिळालेल्या गटात ११ स्ट्रोक झाले, मिळालेल्या गटात एक. फरक इतका उघड होता की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले.

महाराष्ट्राला हा आजार परका नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. विदर्भ आणि नंदुरबारचा आदिवासी पट्टा हा या आजाराचा मुलूख. भारतीय सिकलसेलच्या मुलांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा त्यांना स्ट्रोक कमी होतो. होत नाही असं मात्र नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी कमी मात्रेतलं हायड्रॉक्सीयुरिया मुलांत तपासून पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१२ चे. स्वस्त गोळी, वेदनेचे झटके कमी करणारी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ततपासणी गावोगाव पोहोचते आहे. डॉपलर त्या वेगाने पोहोचवणं हे पुढचं काम आहे.

आणि पनवेल? तालुक्याच्या एका टोकाला कामोठ्याचं वैद्यकीय महाविद्यालय, दुसरीकडे माथेरानच्या डोंगरपायथ्याच्या वाड्या. मुंबईत परळला वाडिया हे १९२९ पासूनचं मुलांचं रुग्णालय. २०१२ मध्ये सरकारी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत रायगड होता. सोय नाही असं म्हणता येत नाही. वेळ जातो तो घरात आणि वाटेत. मुलांचा स्ट्रोक पुष्कळदा फिट येऊन सुरू होतो, मग कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं. हात लुळा दिसला तर ‘पडला असेल, मुका मार बसलाय’ म्हणून हळद-तेल लावतात. त्यात एक गोम आहे. दीड-दोन वर्षांची काही मुलं पलंगावरून किरकोळ पडतात आणि काही वेळातच एका बाजूने लुळी होतात. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्यांत त्यांना आधीच चुन्याचे कण साठलेले असतात. अशा मुलांची मोठी मालिका हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये मांडली. तेव्हा पडणं खरं असतं आणि स्ट्रोकही खरा असतो.

रुग्णालयात पोहोचल्यावरचं काम ठरलेलं आहे. श्वास, साखर, ताप आणि फिट सांभाळायची, मेंदूचा व रक्तवाहिन्यांचा स्कॅन करायचा, हृदयाची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. मग कारणाप्रमाणे उपचार: गुठळीवर अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन, क्षयावर क्षयाची औषधं आणि स्टेरॉइड, सिकलसेलमध्ये रक्त बदलणं, मोयामोयात, म्हणजे मेंदूच्या मोठ्या वाहिन्या अरुंद होत जाण्याच्या आजारात, शस्त्रक्रिया. नंतर महिनोन्महिने फिजिओथेरपी. त्यातली एक रीत घरच्यांना निर्दय वाटते: चांगला हात रोज काही तास बांधून ठेवायचा आणि लुळ्या हाताला खेळायला लावायचं. ती उपयोगी पडते. मालिश, पथ्य, वैद्याचं औषध यांना पुढे हवी ती जागा द्यावी. पहिल्या तासांत त्यांच्यासाठी थांबू नये.

नवजात बाळाचा स्ट्रोक तर अनेकदा नुसत्या फिटने येतो आणि विसरला जातो. सहा-आठ महिन्यांनी आजी कौतुकाने म्हणते, ‘आमचं बाळ आतापासून डावरं!’ वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ते कौतुक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञाला दाखवावं. अंगणवाडीत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकालाही हेच सांगता येतं. या पथकांचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरात सुरू झाला.

पनवेलच्या आईबापांना आणि आजीआजोबांना एवढंच सांगायचं: मुलाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात-पाय गळाला, बोलणं अडखळलं किंवा फिटनंतर एक बाजू हललीच नाही, तर १०८ ला फोन करा. मूल शेवटचं धडधाकट कधी दिसलं ती वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा स्ट्रोक असेल का?’