निवारा आणि वारा : कोंबडीच्या घराचा इतिहास

‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण मराठी घराघरांत ठाऊक आहे. परंतु ते कोंबडे कशाखाली झाकीत असत, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ते झाकीत बांबूच्या डालग्याखाली. कोंबड्या अशा कोंडून ठेवण्यास मराठीत ‘डालणे’ हे स्वतंत्र क्रियापदच आहे. दुसरा शब्द ‘खुराडे’. शहरातील मनुष्य आपल्या अंधाऱ्या, कोंदट बिऱ्हाडास खुराडे म्हणतो, तेव्हा कोंबडीच्या घराविषयीचा समाजाचा जुना अनुभवच तो नकळत बोलून दाखवीत असतो. कोंबडीचे घर म्हणजे कोंडलेली जागा, हे जणू गृहीतच होऊन बसले आहे. असे का झाले आणि या प्रश्नास पुढे किती गंभीर रूप आले, हे समजून घेण्यास नंदुरबार जिल्ह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कोंबडी मूळची रानपक्षी होय. आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेले पाळीव कोंबड्यांचे अवशेष इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील मानले जातात. आपल्या द्वीपकल्पातील करड्या रानकोंबड्याचाही या कुळाशी संबंध आला आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ मधील संशोधनाने दाखविले. हे दोन्ही पक्षी रात्री झाडाच्या फांदीवर निजतात. तेथे चोहोंकडून वारा असतो आणि मुंगूस, कोल्हा यांची भीती कमी असते. मनुष्याने कोंबडी अंगणात आणली, तेव्हा तिची फांदी गेली आणि तिच्या रक्षणाचा भार त्याच्यावर पडला. त्याने भिंत घातली, दार लावले, फटी बुजविल्या. निवारा मिळाला, वारा गेला. कोंबडीच्या घराचा पुढील सारा इतिहास या दोहोंचा मेळ घालण्याचा आहे.

हा मेळ प्राचीनांस अगदीच साधला नव्हता असे नाही. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार व्हॅरो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दोनशे कोंबड्यांच्या घराचे वर्णन दिले आहे. घर पूर्वाभिमुख असावे, त्यास तीन फूट रुंद व चार फूट उंच खिडकी असावी, आणि ती विरळ विणलेल्या काटक्यांची असावी, म्हणजे उजेड भरपूर येईल व उपद्रवी प्राणी मात्र आत शिरणार नाहीत, असे तो सांगतो. तारेची जाळी निघण्यापूर्वी दोन हजार वर्षे मांडलेला हा विचार आजच्या जाळीचाच आहे.

नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. सातपुड्यातील पावरा व भिल्ल, नवापूरकडील मावची व कोकणी, यांच्या घरी कोंबडी ही अडीअडचणीची शिल्लकच असते. पाहुणा आला, देवाचे करावयाचे झाले, अथवा आठवड्याच्या बाजारात मीठमिरचीस पैसा हवा झाला, की तीच उपयोगी पडते. अशा घरच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात आणि रात्रीपुरत्या डालग्याखाली किंवा घराच्या कोपऱ्यातील खुराड्यात जातात. डालग्याची वीण विरळ, घराचा कुड बांबूचा. त्यामुळे थोडा वारा आपोआप खेळतो. पक्षी दहाबारा आणि कोंडणे रात्रीपुरते, म्हणून लहान खुराडेही निभावून जात असे. अशा कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. हाच रोग १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथे ओळखला गेला व त्या गावाच्या नावाने देशभर प्रसिद्ध झाला. पुढे त्यावर लस निघाली.

पक्ष्यांची संख्या वाढली व ते दिवसाही आत राहू लागले, की हवेचे गणित बदलते. कोंबडीस घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून अंग थंड ठेवते. कोंडलेल्या जागेत ही वाफ साचली, की धापा टाकूनही थंडावा मिळत नाही. नंदुरबारात उन्हाळी पारा चाळीस अंशांवर जातो. तेथे हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. त्यातच विष्ठा ओली राहिली, म्हणजे तिच्यातून अमोनिया निघतो व तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो. अमेरिकेतील डॉ. प्रिन्स वूड्स यांनी १९२४ मधील आपल्या पुस्तकात दर्शनी बाजू उघडी ठेवलेल्या खुराड्याचा पुरस्कार केला. थंड प्रदेशातही कोंबडीस उबेइतकीच कोरड्या, ताज्या हवेची गरज आहे, हे त्यांचे म्हणणे. मनुष्यासही हा धडा सहज मिळाला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा दाट वस्तीत उजेड व वारा आणणे हे त्याचे एक मुख्य काम ठरले.

नवापूर हे महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरील गाव. तेथील रेल्वे स्थानकाच्या फलाटाचा काही भाग एका राज्यात व काही दुसऱ्या राज्यात आहे. सुरतेची बाजारपेठ जवळ असल्याने येथे अंड्यांचा धंदा फोफावला व हजारो पक्ष्यांच्या मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या. अशा धंद्यात पिंजऱ्यातील कोंबडीच्या वाट्यास लिहावयाच्या कागदाच्या एका पानाहूनही कमी जागा येत असे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून येथील कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिलीच नोंद होय. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच संकट नवापुरावर पुन्हा कोसळले.

खेळती हवा ठेवली असती तर हा रोग आलाच नसता, असे म्हणणे चूक ठरेल. रोगाचे विषाणू रानपक्ष्यांच्या विष्ठेतून, माणसांच्या पादत्राणांतून, वाहनांतून येतात. परंतु एकदा आत शिरलेला रोग दाटीत वणव्यासारखा पसरतो, हे निश्चित. शिवाय त्या वेळी संसर्गाच्या ठिकाणाभोवतीच्या तीन किलोमीटरच्या वर्तुळात शेडमधील कोंबडी व झोपडीतील कोंबडी असा भेद करण्यात आला नाही. रोगाची साखळी तोडण्यास ते आवश्यकही होते. तथापि जिच्या दारात पाचसहाच पक्षी होते, त्या बाईची शिल्लक त्याच दिवशी संपली. मोठ्या शेडमधील रोगाची झळ दूरच्या डालग्यासही लागते, हे नवापुराने शिकविले. म्हणून परसातील खुराड्याकडेही आता शास्त्राच्या नजरेने पाहिले पाहिजे.

त्यास खर्च फार लागत नाही. दर पक्ष्यास आत तीन चौरस फूट जागा धरली, तर दहा कोंबड्यांस सहा फूट लांब व पाच फूट रुंद घर पुरे. बाहेर फिरावयास प्रत्येकी आठदहा चौरस फूट मोकळे अंगण हवे. घराची लांबी पूर्वपश्चिम ठेवावी, म्हणजे उघड्या बाजूंवर तिरपे ऊन येत नाही. जमिनीपासून दीडदोन फूट उंच खांब, खाली फूटभर बांबूचा कुड, त्यावर छपरापर्यंत अर्ध्या इंचाची जाळी आणि छपरास दोन फुटांचे पाखे असावेत. तापलेली हवा वर चढते. म्हणून आढ्याजवळ जाळी लावलेली फट ठेवावी. पावसात व थंडीत तरटाचा पडदा खालून वर ओढावा, वरचा हातभर भाग मोकळाच असावा. निजावयास दर पक्ष्यास आठ इंच दांडी लागते. तीच तिची हरवलेली फांदी. जमिनीवर दोनतीन इंच भाताचे तूस पसरून ते वरचेवर हलवावे. चारापाणी छपराखाली ठेवावे, म्हणजे कावळेचिमण्या त्यात तोंड घालणार नाहीत. आणि आत जावयाची पादत्राणे निराळी ठेवावीत. सकाळी दार उघडताच कोंबडीच्या उंचीइतके वाकून श्वास घ्यावा. नाकास झोंबले, तर हवा अपुरी आहे असे निश्चित समजावे.

बांबू, माती व तूस ही सामग्री नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांत घरोघरी मिळते. जाळीपुरताच पैसा मोजावा लागतो. हजार पक्ष्यांच्या मालकास एका वर्षाचा तोटा कदाचित सोसेल. पाच पक्ष्यांच्या घरास तो सोसत नाही. खुराडे नीट बांधण्याची निकड म्हणूनच त्या लहान घरास अधिक आहे, आणि शासनाच्या योजनांनी पिले वाटताना त्यांच्या निवाऱ्याचा व वाऱ्याचाही विचार केला, तरच ते दान पदरात टिकेल.