जबलपूर खटला : अंतर्गत सुरक्षा कायदा आणि बंदिवानाचा न्यायाधिकार

‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ हा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ मधील निकालामुळे ओळखला जातो. त्याचा उगम मात्र मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या १९७५ मधील निर्णयात आहे.

अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजेच ‘मिसा’, १९७१ साली अस्तित्वात आला. आरोपपत्र वा खटला न चालवता स्थानबद्ध करण्याचा अधिकार त्याने प्रशासनास दिला. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४, २१ व २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची मुभा स्थगित झाली. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन स्थानबद्धास कारणे कळविण्याचे बंधनही उरले नाही. शहा आयोगाच्या नोंदीनुसार आणीबाणीत ‘मिसा’खाली ३४,९८८ व्यक्ती स्थानबद्ध झाल्या.

स्थानबद्धांच्या बंदी प्रत्यक्षीकरण याचिका चालविताच येत नाहीत, असा प्राथमिक आक्षेप शासनाने घेतला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह इतरही काही उच्च न्यायालयांनी हीच दिशा घेतली. मूलभूत हक्काची अंमलबजावणी थांबली, तरी अधिकाऱ्यास कायद्याबाहेर जाण्याची मोकळीक मिळत नाही, हे या निर्णयांचे सूत्र होते. आदेश ‘मिसा’च्या अटींनुसार आहे का, तो दुष्ट हेतूने काढला आहे का, एवढे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहतोच, असे त्यांनी मानले.

शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी, व्ही. एम. तारकुंडे आदी विधिज्ञ उभे राहिले. वैरापोटी एखाद्या पोलिसाने कोणाचा जीव घेतला तर काय, या न्या. ह. रा. खन्ना यांच्या प्रश्नास महान्यायवादी निरेन डे यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयीन उपाय नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सरन्यायाधीश अ. ना. राय यांच्यासह न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड व न्या. भगवती यांनी चार विरुद्ध एक अशा बहुमताने उच्च न्यायालयांचे निर्णय रद्द ठरविले. विरोधी मत एकट्या न्या. खन्ना यांचे होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि न्या. खन्ना यांनी राजीनामा दिला.

पुढे जनता सरकारच्या काळात ‘मिसा’ रद्द झाला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा बहुमताचा निकाल मोडीत काढला. त्यातील एक प्रमुख निकालपत्र न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. उच्च न्यायालयांनी १९७५ मध्ये उघडा ठेवू पाहिलेला दरवाजा असा ४२ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनानेच पुन्हा उघडला. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मात्र तो गरजेच्या वेळी बंदच मिळाला होता.