सात रस्ता ते मुंबई : अंतर तेच, अडसर वेगळे

सोलापूरच्या सात रस्त्यावर संध्याकाळ कलली की पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्स लागू लागतात. रात्री बसायचं, पहाटे मुंबईत उतरायचं. इथून विमानतळ होटगी रोडला, म्हणजे शहरातच. तरीही पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरकरांनी मुंबईचं अंतर मोजलं ते रात्रींत.

नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर जेमतेम 360 किलोमीटर भरतं, लंडन-पॅरिसपेक्षा थोडंसंच जास्त. त्या दोन शहरांमध्ये 25 ऑगस्ट 1919 रोजी रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा छोट्या विमानाला अडीच तास लागत.

सोलापूरला आधी आली ती आगगाडी, 1860 साली. पण मुंबई गाठायला बोरघाट आडवा होता. खंडाळ्याला गाडी सोडायची, घाट उतरायचा आणि खाली दुसरी गाडी धरायची. डोंगरात 25 बोगदे खोदून 1863 साली घाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा कुठे हे दोन तुकडे जोडले गेले. त्यासाठी हजारो मजुरांनी जीव गमावला, हे विसरून चालणार नाही. पुढे 1877 साली उभी राहिलेली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी आणि सोलापूरचा सारा गिरणधंदा याच रुळांच्या आधाराने वाढला.

विमानाच्या वाटेत डोंगर नव्हता, चिमणी होती! किंगफिशरची विमानसेवा 2010 च्या आसपास थोडा काळ चालली आणि बंद पडली. त्यानंतर वाद पेटला तो सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीच्या चिमणीवरून. ती विमानाच्या उतरण्याच्या मार्गात येते, असा एका बाजूचा आक्षेप. ती पाडली तर ऊस गाळायचा कसा, हा शेतकरी सभासदांचा सवाल. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर 15 जून 2023 रोजी चिमणी जमीनदोस्त झाली.

तरी विमान लगेच आलं नाही. 2024 च्या सप्टेंबरात नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन, 9 जून 2025 रोजी गोव्याचं विमान आणि 15 ऑक्टोबरला मुंबईचं. योगायोग असा, की 1932 साली याच तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले होते. सोलापूरला मात्र त्यानंतर 93 वर्षं थांबावं लागलं, मधला किंगफिशरचा अल्पकाळ सोडला तर.

आता हवेतला प्रवास तास-सव्वा तासाचा. 2023 पासून धावणारी वंदे भारत साडेसहा तास घेते. तिचा लोहमार्ग आहे 455 किलोमीटरचा. पण विमानाचा हिशेब सात रस्त्यापासून मंत्रालयापर्यंत करायला हवा: तपासणीसाठी आधी पोहोचणं, सामानाची वाट पाहणं आणि सांताक्रूझहून दक्षिण मुंबईची गर्दी. सकाळी अकराला मंत्रालयात काम असेल, तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेसच अजूनही जास्त भरवशाची.