पालकांची सही

वर्गात काय शिकवले आणि मुलाला त्यातले किती आले, हे घरी कळवण्याची आजची रूढ साधने म्हणजे गृहपाठाची वही, डायरी आणि प्रगतिपुस्तक. ही सगळी कागदाची. त्यांच्या आधीचे साधन आवाजाचे होते, ते म्हणजे परवचा.

पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. धूळ सारखी केली की धडा पुसला जाई. घरी न्यावे असे काही उरत नसे. पण दिवेलागणीला मुले मोठ्यांसमोर बसून पाढे म्हणत. साध्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असा अपूर्णांकांचा डोंगर असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मूल कुठवर पोचले आणि कुठे अडखळले हे ओसरीवर बसलेल्या आजोबांना कळे, तसे चुलीपुढच्या निरक्षर आजीलाही. हिशेबापलीकडचे शिक्षण यातून फारसे समजत नसे, पण ही बातमी रोजची असे आणि ती समजायला लिहितावाचता यावे लागत नसे. पुढच्या कागदांना हे साधले नाही.

लोकांसमोर परीक्षा घेण्याची रीत यानंतरची. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांची 1852 मध्ये अशी जाहीर परीक्षा झाली. मुली शिकू शकतात हे त्यातून पालकांबरोबर गावालाही दिसले.

1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते सुरू झाले आणि शाळेची बातमी घराऐवजी वर, खात्याकडे जाऊ लागली. इन्स्पेक्टर परीक्षा घेई, शाळेच्या अनुदानाचा संबंध तिच्या निकालाशी असे. ‘मराठी शाळापत्रक’ हे 1861 पासूनचे मासिकही शिक्षकांसाठी होते. पालक कायद्याच्या कक्षेत आले ते शिक्षण सक्तीचे झाल्यावर. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये ते सर्वत्र लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये कायदा केला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत येते की नाही, एवढाच तेव्हा पालकांशी बोलण्याचा विषय होता.

प्रगतिपुस्तकाने त्यात गुणांची भर घातली. चाचणी, सहामाही, वार्षिक असे उभे रकाने, नापासाच्या गुणांखाली लाल शाईची रेघ, हजर दिवस, वर्गशिक्षकांचा दोन शब्दांचा शेरा आणि सर्वांत शेवटी ‘पालकांची सही’. ‘आईवडील’ न लिहिता ‘पालक’ लिहिले जाते हे बरेच, कारण सही काकांची किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांचीही असू शकते. 1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे 18 टक्के होती. त्यामुळे कितीतरी घरांत सहीच्या जागी अंगठा उमटला. तो उमटवणाऱ्याला आतले आकडे वाचून दाखवी ते ज्याचे गुण त्यात होते ते मूलच! गृहपाठाचेही तसेच होते. फळ्यावरचा मजकूर मुलाने वहीत उतरवायचा, म्हणजे निरोप्याही तोच. काही शाळांनी छापील डायरी काढली. तिच्यात शिक्षकांच्या सूचनेखाली पालकांना उत्तर लिहायला दोनचार ओळी मिळाल्या. बहुतेक वेळा तिथेही सहीच पडली.

मोठा बदल शिक्षणहक्क कायद्याने केला. 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आलेल्या या कायद्याच्या कलम 24 नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले. कायद्याच्या कक्षेतल्या सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, हेही त्यातच आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जागी अ-1, अ-2, ब-1 अशा श्रेणी आल्या आणि ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ या मथळ्यांखाली वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. कल्पना उत्तम होती. मात्र चाळीस मुलांविषयी चाळीस वेगळी वाक्ये लिहिणे जड पडू लागले, तेव्हा तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या आणि एकाच वाक्यात दहा मुले बसली.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मोहिमेत धडा आणि स्वाध्याय थेट पालकांच्या मोबाइलवर येऊ लागले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. ज्यांच्याकडे साधा फोन होता किंवा फोनच नव्हता, त्यांच्याकडे मोबाइलवरची बातमी पोचली नाही. शाळा उघडल्या तरी वर्गाचे व्हॉट्सअॅप गट राहिले. रोजचा गृहपाठ आता मुलाच्या आधी घरी पोचतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रक सुचवले. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आहे. पायाभूत टप्प्यासाठी तयार झालेल्या नमुन्यात मूल घरी कसे शिकते हे पालकांनी लिहून कळवायचा भागही आहे.